अक्काच्या वतीनं

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून माझ्या बहिणीच्या वतीनं बोलत आले. अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, जन्मापासून बहिरी. घरात कुणालाही तिच्याशी काही बोलायचं असलं की आधी हाक मला यायची. "तिला विचार, जेवणार का?" "तिला सांग, पाहुणे यायचेत, बाहेरची खोली आवर म्हणावं." मी हातांनी तिला सांगायची आणि ती हातांनी जे म्हणायची ते तोंडानं सगळ्यांना सांगायची. या खुणा आम्हांला कुणी शिकवल्या नव्हत्या. आमच्या दोघींत खेळता-भांडताना त्या तयार झाल्या होत्या. दोन्ही हात पसरून कापड मोजल्यासारखं केलं की अप्पा, कारण हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत आमचं कापडाचं दुकान. मिशीवरून बोट फिरवलं की अण्णा, आमचा थोरला भाऊ. खांद्यांवरून दोन वेण्या खाली सोडल्या की मी. माझ्या वेण्या जाऊन जमाना झाला, पण खूण तीच राहिली.

अक्का सातवीपर्यंत शिकली ती बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत, कन्नड माध्यमात. तिथं तिला थोडं लिहायला-वाचायला आणि ओठ वाचायला शिकवलं, तेही कन्नड बोलणारे ओठ. आमच्या घरात सगळे बोलणार मराठी. त्यामुळं ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांचं बोलणं तिला निम्मंअधिक कळायचं आणि स्वतःच्या आईचं कळायचं नाही. आम्ही सगळे बाजारात, शाळेत, शेजारीपाजारी फडाफडा कन्नड बोलत होतो. घरात अक्काशी कन्नडमध्ये बोलावं हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. मी होते ना मध्ये.

पुढं माझं लग्न झालं, धारवाडला आले, शाळेत नोकरी लागली. अक्काचं लग्न झालं नाही. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन मांडून ती शिवणकाम करत राहिली. आई आधीच गेली होती. दोन वर्षांपूर्वी अप्पाही गेले.

चौदावा झाल्यावर अण्णानं मला माडीवर बोलावलं. घर जुनं झालंय, एक बिल्डर विचारतोय, चार मजले होतील, असं तो सांगत होता. घर अप्पांच्या नावावर. त्यांच्यामागं आम्हा तिघांचा सारखा हक्क. बिल्डरला तीन-तीन मालक नको होते.

"तुम्ही दोघी हक्कसोडपत्र करून द्या," अण्णा म्हणाला. "पुढचं मी बघतो."

"आणि अक्का?"

"अक्काचं काय? आहेच की ती आमच्यात."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि मला बरं वाटलं हेच या सगळ्याचं मूळ आहे. धारवाडला सुभाष रोडजवळ आमचं दोन खोल्यांचं घर. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. अप्पा गेल्यापासून माझ्या मनात एकच धास्ती होती, आता अक्का माझ्याकडे येणार का? अण्णानं ती एका वाक्यात मिटवून टाकली. माझ्या हिश्शाचं मला काही वाटत नव्हतं. अक्काच्या हिश्शाचं तिला काय वाटेल, हा विचार मी केलाच नाही.

"तिला तू सांग," अण्णा म्हणाला. नेहमीसारखंच.

मी खाली गेले. अक्का काज करत होती. मी खुणेनं सांगितलं, अप्पा, कागद, सही. तिनं सुई थांबवून विचारलं, कसला कागद? मी हात पुढं लोटला. नंतर, नंतर सांगते. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं सुई पुन्हा कापडात घातली.

ठरल्या दिवशी आम्ही सब-रजिस्ट्रार ऑफिसला गेलो. अण्णा, बिल्डरचा माणूस, अक्का आणि मी. अक्कानं अप्पांनी घेतलेली जांभळ्या काठाची साडी नेसली होती. अप्पांचं काम आहे, असंच तिला वाटत होतं. कागद तयार होते, कन्नडमध्ये, बारीक टाइपात. आमचा नंबर लागायला दुपार झाली.

सब-रजिस्ट्रार एक चाळिशीच्या बाई होत्या. माझ्याशी त्यांचं झटक्यात झालं. नाव, ओळखपत्र, कागद वाचलाय का, मान्य आहे का. मी हो म्हटलं. मग अक्का समोरच्या खुर्चीवर बसली.

"यांना ऐकू येत नाही?"

"नाही, मॅडम. मी बहीण. मी सांगते त्यांना."

"विचारा, या कागदात काय लिहिलंय ते त्यांना माहीत आहे का?"

मी अक्काकडे वळले. कागद, माहीत? अक्कानं लगेच उत्तर दिलं, अप्पा, कागद, सही. आणि भुवया उंचावून मलाच उलट विचारलं, बरोबर ना?

मी बाईंकडे तोंड केलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, "माहीत आहे म्हणते. घरातला आपला हिस्सा राजीखुशीनं भावाला सोडतेय म्हणते."

हे वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं. पण ते बोलताना मी कुठंही अडखळले नाही, हे मला आजही आठवतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांनी तीन खुणा केल्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही केवढं मोठं वाक्य बोललात."

मागून अण्णा म्हणाला, "मॅडम, त्यांची भाषा तसलीच आहे. घरच्यांनाच कळते."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एक कोरा कागद ओढला, त्यावर मोठ्या कन्नड अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि अक्कासमोर धरला. 'मने यारदु?' घर कुणाचं?

अक्कानं अक्षरांखालून बोट फिरवत ते वाचलं. पेन घेतलं आणि लिहिलं, 'नम्मदु.' आमचं.

बाईंनी खाली आणखी एक ओळ लिहिली. तुमचा वाटा तुम्ही भावाला कायमचा देताय का?

अक्कानं ती ओळ एकदा वाचली. पुन्हा वाचली. पेन कागदावर टेकवलं, उचललं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यांतला प्रश्न मला समजला नाही असं कधी झालं नव्हतं. मी वर पंख्याकडे बघायला लागले. अक्कानं पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"तुमचंही नाव या दस्तात आहे ना?" बाईंनी मला विचारलं.

"आहे."

"मग तुम्ही यांच्या दुभाषी कशा? दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. ज्याचा स्वतःचा संबंध व्यवहारात गुंतलाय, त्यानं त्या व्यवहारापुरतं मदतीपासून बाजूला व्हायचं असतं. खुणांची भाषा जाणणारा बाहेरचा माणूस आणा. तोपर्यंत मी हे नोंदवणार नाही."

"अहो मॅडम," अण्णाचा आवाज चढला, "जन्मापासून अशी आहे ती. तिला काय कळतंय?"

"कळत नसेल तर मला नोंदवताच येत नाही. कळत असेल तर त्यांनाच विचारायला हवं. दोन्हीकडून आज हे होत नाही."

त्यांनी सगळे कागद परत केले, माझेही.

गाडी अण्णा चालवत होता. मागच्या सीटवर अक्का माझा खांदा पुन्हा पुन्हा हलवत होती. घर? घराचं काय? मी हात पुढं लोटला. नंतर. तिनं माझा तो हात मनगटाला पकडून खाली दाबला. जोरात. मग सोडून दिला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या रविवारी अण्णा एकटाच धारवाडला आला. चहा व्हायच्या आधीच त्यानं पिशवीतून टाइप केलेला अर्ज काढला. कुणा एजंटानं त्याला वाट दाखवली होती. अर्जात लिहिलं होतं की अक्काच्या बुद्धीची वाढ झालेली नाही, तिला व्यवहार समजत नाहीत, म्हणून तिच्यासाठी निर्णय घ्यायला भावाला पालक नेमावं. खाली सख्खी बहीण म्हणून माझं नाव आणि सहीसाठी रिकामी जागा.

"अण्णा, ती मतिमंद नाही."

"मी कुठं म्हणतोय? कागदावर तसं लिहायला लागतं."

"ब्लाउजची मापं तोंडपाठ असतात तिला. गिऱ्हाइकाचा खांदा बघून—"

"तू मला सांगू नको. लहानपणापासून मीच बघतोय तिला." त्यानं कपबशी जवळ ओढली. "बिल्डर थांबायचा नाही. बुधवारपर्यंत सही करून ठेव."

मी विचारलं, "नव्या घरात अक्काची खोली कुठली?"

अण्णा चहात चमचा फिरवत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"बघू की. मुलांची लग्नं व्हायचीत. सुरुवातीला राहील तुझ्याकडे थोडे दिवस. मग बेळगावकडं एक चांगला आश्रम आहे म्हणतात."

अक्कावर अन्याय होतोय म्हणून मी त्या क्षणी पेटून उठले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते खरं नाही. मला राग आला तो अण्णानं मला फसवलं म्हणून. ज्या एका आश्वासनासाठी मी सरकारी खुर्चीसमोर खोटं बोलले होते, ते आश्वासनच नव्हतं. अक्काचा विचार त्यानंतर आला, संध्याकाळी सासूबाईंचं अंथरूण बदलताना. माझ्या मनगटावरचा तिचा हात आठवला.

माझे मिस्टर दारात उभे राहून म्हणाले, "सही केलीस तर तू स्वस्थ राहायची नाहीस. नाही केलीस तर माहेर तुटेल. मी काही सांगणार नाही, तूच ठरव."

सोमवारी मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि कोर्टाच्या आवारातल्या मोफत कायदा सल्ला केंद्रात गेले. तिथं एक तरुण वकीलबाई बसत. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"तुमच्या बहिणीला ऐकू येत नाही, एवढंच ना? की समजतही नाही?"

"समजतं."

"मग पालकाचा प्रश्न येतोच कुठं? घर मिळणं, ते ठेवणं, विकणं, सगळ्यांत त्यांचा तुमच्या-माझ्याइतकाच हक्क आहे. यावर तुम्ही सही केलीत तर कोर्टासमोर धडधडीत खोटं सांगितल्यासारखं होईल."

मी म्हणाले, "तिच्यासाठी वकील लागला तर?"

"बायकांना आणि दिव्यांगांना मोफत मिळतो. पण त्यांनी मागायला हवा, त्यांच्या तोंडानं. म्हणजे त्यांच्या हातांनी." त्या जराशा हसल्या. "तुम्ही त्यांच्या वतीनं नाही."

आठवड्यात दुसऱ्यांदा कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगत होतं.

त्यांनीच एका दुभाषी बाईंचा पत्ता दिला. या बाई अळणावरच्या. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे, वडील लाकडाच्या वखारीत कामाला. स्वतः बाईंना उत्तम ऐकू यायचं, पण खुणांची भाषा त्या पाळण्यात शिकल्या होत्या. मंगळवारी दुपारी मी त्यांना चिगरी बसनं, म्हणजे दोन्ही गावांमधल्या जलद बसनं, हुबळीला घेऊन गेले. वाटेत मी त्यांना आमच्या घरातल्या खुणा समजावायला लागले. त्या ऐकत होत्या, पण मध्येच म्हणाल्या, "शाळेत गेल्यात ना त्या? वसतिगृहात मुलं आपापसांत खुणांनीच बोलतात. मग त्यांच्याकडे पुरी भाषा असेल. काळजी करू नका."

अण्णा दुकानात होता. वहिनी दारात आली, पाहुण्या बाईंना न्याहाळून आत गेली. अक्का खिडकीशी मशीनवर होती. दुभाषी बाईंनी तिच्यासमोर जाऊन काहीतरी खूण केली, आणि अक्काचा पाय पायडलवरच थांबला. बाईंनी पुन्हा काही विचारलं. अक्कानं उत्तर दिलं. मग आणखी एक. मग ती उठून उभीच राहिली आणि तिचे हात असे चालायला लागले की मी दोन पावलं मागं सरले. असले हात मी कधी पाहिले नव्हते. त्यातली एकही खूण आमच्या घरातली नव्हती.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? आधी आम्ही दोघी बोलतो."

मी बाहेरच्या पायरीवर बसले. खिडकीच्या गजांतून आत नुसते हात दिसत होते. कधी अक्काचे, कधी बाईंचे, बहुतेक वेळा अक्काचेच. एकदा अक्का हसली. कशाला हसली? एकदा तिनं डोळे पुसले. पन्नाशी उलटलेली मी माझ्या माहेरच्या पायरीवर, गल्लीतल्या लोकांच्या नजरेसमोर बसले होते आणि माझी बहीण आत काय सांगतेय त्यातलं मला काहीही कळत नव्हतं. लहानपणापासून अक्का जेवणाच्या पानावर, लग्नाच्या मांडवात, आईच्या आजारपणात आमच्यामध्ये कशी बसत असेल, ते त्या तासाभरात मला पहिल्यांदा कळलं.

बाईंनी मला आत बोलावलं. अक्कासमोर स्टुलावर बसवलं. अक्का खुणा करायला लागली आणि बाई कन्नडमध्ये बोलायला लागल्या, "माणसं टेप घेऊन घर मोजायला आली. मी तुला विचारलं, का? तू म्हणालीस, नंतर."

मी बाईंकडे बघत होते. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. "माझ्याकडे नको. त्यांच्याकडे बघा. त्या बोलतायत."

मी अक्काकडे बघितलं.

"अप्पा दवाखान्यात होते. मी विचारलं, बरे होणार का? तू म्हणालीस, नंतर. आई गेली तेव्हाही तसंच. तुम्ही सगळे तास तास बोलता आणि तू मला तीन गोष्टी सांगतेस. मला कळतं की बोलणं मोठं होतं. मी मूर्ख नाही."

दुभाषी बाई थोड्या घुटमळल्या, मग हळू म्हणाल्या, "सांगू की नको कळत नाही. मी सुरुवातीला विचारलं, बाहेर बसलेल्या बाई कोण? तर त्यांनी ही खूण केली." त्यांनी तळहात पुढं लोटला. "शाळेच्या मैत्रिणींत तुम्हांला त्या याच नावानं ओळखतात."

मला वाटत होतं माझी खूण दोन वेण्यांची आहे.

मग मी सगळं सांगून टाकलं. हक्कसोडपत्र म्हणजे काय. बिल्डर. चार मजले. अण्णानं आणलेला अर्ज आणि त्यातली ती वाक्यं. बेळगावकडचा आश्रम. आणि त्या ऑफिसात मी तिच्या तोंडी घातलेलं वाक्य. ते सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की बाईंना दोनदा विचारावं लागलं. अक्कानं एकच खूण केली.

"का?" बाई म्हणाल्या.

"तू माझ्याकडे राहायला येशील अशी भीती वाटली," मी म्हणाले.

बाईंनी मला विचारलं, "हे असंच सांगू?"

"असंच सांगा."

अक्कानं ते बघितलं. तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती ज्या तऱ्हेनं हात उडवायला लागली ते मला दुभाष्याशिवाय कळलं असतं. "तुझ्याकडे? तुझ्या घरात उजेड नाही. माझं मशीन कुठं ठेवायचं तिथं? मी कशाला येऊ?"

बाईंना हसू आवरेना. मी मात्र रडले. अक्कानं मला रडू दिलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते योग्यच होतं.

दारामागं वहिनी उभी होती. संध्याकाळी मी धारवाडला पोचायच्या आत अण्णाचा फोन आला. "परक्या बाईला घरात आणून तिचे कान भरलेस." मी म्हणाले, "अण्णा, सही मी करत नाही." पलीकडून फोन ठेवला गेला.

त्यानंतर अक्कानं जे केलं ते तिचं तिनं ठरवून केलं. दुभाषी बाईंबरोबर ती धारवाडला आली, वकीलबाईंसमोर बसली आणि स्वतःसाठी वकील मागितला. मग सांगितलं, "ज्या ऑफिसात मी गप्प बसले तिथं मला जाऊन बोलायचंय." अण्णालाही तिनं फोनवर कन्नडमध्ये लिहून कळवलं. तो आला. आपल्यासमोर ती नाही म्हणणार नाही, अशी त्याची खात्री होती.

त्या दिवशी सब-रजिस्ट्रार बाईंनी मला आणि अण्णाला बाहेर बसवलं. आत अक्का, दुभाषी बाई आणि त्या. काचेच्या दरवाज्यातून अक्काची पाठ दिसत होती. अण्णा उभाच होता. एका क्षणी अक्काचा उजवा हात वर आला आणि छातीसमोरून आडवा, तलवारीसारखा फिरला. तो हात काय बोलला ते अण्णालाही समजलं. थोड्या वेळानं कारकुनानं दस्त आणून त्याच्या हातात दिला. नोंदणीला नकार, कारण हिस्सा सोडणाऱ्या व्यक्तीनं दस्त लिहून दिल्याचं कबूल केलं नाही.

तो माझ्याजवळून गेला तेव्हा मी "अण्णा" म्हणाले. तो थांबला नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. अक्का त्याच घरात राहत होती आणि मी धारवाडला. वहिनीनं तिचं ताट वेगळं केलं. एका सकाळी अक्कानं मला फोनवर फोटो पाठवला, मीटरच्या पेटीचा. पुढच्या खोलीचा फ्यूज काढून टाकलेला. मशीनवरचा दिवा बंद, इस्त्री बंद. लग्नसराईचे दिवस, ब्लाउजांचा ढीग पडलेला. मी हातातला खडू टाकून स्टाफरूममध्ये गेले, पण कुणाला फोन करावा कळेना. तेवढ्यात दुसरा फोटो आला. वकीलबाईंनी तिच्या वतीनं पाठवलेल्या नोटिशीचा. तिनं मला कळवण्याआधीच त्यांना कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्यूज परत बसला. तोपर्यंत ती मशीन खिडकीच्या अगदी कडेला ओढून, उन्हाच्या तुकड्यात शिवत होती, हे मला समोरच्या दुकानदारानं नंतर सांगितलं.

नोटिशीनंतर प्रकरण कोर्टाच्या समेट केंद्रात गेलं. तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत अण्णा अक्काकडे बघेचना, सगळं वकिलाकडे बघून बोलला. "तिला मी काय उघड्यावर टाकणार होतो का?" असं तो म्हणाला, तेव्हा अक्कानं विचारलं, "आश्रम कुठल्या गावात आहे?" त्यानं समोरचे कागद चाळायला घेतले. दुसऱ्या बैठकीत अक्कानं मागणी मांडली. घर पाडायला तिची हरकत नव्हती. तिला तळमजल्यावर रस्त्याकडं खिडकी असलेली शिवणाची खोली आणि मागं एक राहायची खोली हवी होती, तिच्या नावावर. इमारत होईपर्यंत भाड्याची जागा याच गल्लीत, कारण गिऱ्हाइकं याच गल्लीतली. बस, एवढंच. बिल्डर घायकुतीला आला होता. तिसऱ्या बैठकीत अण्णा कबूल झाला, पण आनंदानं नाही.

माझा हिस्सा मी अण्णालाच सोडला. मी काय लिहून देतेय ते मला समजत होतं, आणि दिलेला शब्द मोडायचं मला कारण नव्हतं.

नव्या कराराच्या नोंदणीला अक्का मालकांपैकी एक म्हणून आत बसली. एकेक कलम दुभाषी बाई तिला सांगत होत्या आणि ती मध्ये मध्ये थांबवून प्रश्न विचारत होती. तासभर लागला. बाहेरच्या बाकावर एका टोकाला अण्णा आणि दुसऱ्या टोकाला मी. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी. समोर बघतच तो म्हणाला, "एवढं बोलते ती?"

"बोलते," मी म्हणाले.

सध्या जुन्या घराच्या जागी लोखंडी सळया उभ्या आहेत. अक्का गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत आहे. मी दर रविवारी दुभाषी बाईंकडे खुणांची भाषा शिकायला जाते आणि तिथून अक्काकडे. माझी बोटं आता आखडलेली आहेत, चुकीची वळतात. अक्का फार कडक आहे, चूक झाली की माझी बोटं धरून सरळ करते आणि तीच खूण पाच-पाच वेळा करायला लावते. साध्या गोष्टी जमतात. लांबचं काही सांगायला लागली की माझी त्रेधा उडते आणि ती कंटाळून मशीनकडे वळते.

अण्णा माझ्याशी बोलत नाही. या भाऊबीजेला तो माझ्याकडे आला नाही. अक्काकडे गेला होता, एकटाच, बराच वेळ बसला होता, असं ती म्हणाली. दोघांत काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.